आइस फिशिंगचा सीझन खरंच आखूड होतोय का? मिनेसोटा, विस्कॉन्सिन, कॅनडावाले जरा सांगा

गळवाला | ३ डिसेंबर, रात्री ९:४०

मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे थंडीत जाऊन पडलेले बरेच जण आहेत म्हणून धागा काढतोय. मी मिनियापोलिसच्या पश्चिमेला राहतो, १९ वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात शेजारचे आजोबा (पूर्वज नॉर्वेचे, महिन्याला मोजून दहा वाक्यं बोलणार) मला तळ्यावर घेऊन गेले, मी मनात रामरक्षा म्हणत एकेक पाऊल टाकतोय आणि पुढे बघतो तर बर्फावर चक्क पिकअप ट्रक उभे! त्या दिवसापासून व्यसन लागलं ते लागलंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तळं गोठलं की ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने, आठ-दहा इंची भोक पाडायचं, उलट्या बादलीवर बसायचं, हातभर लांबीची काठी, खाली मिनो (आमिषाचे छोटे जिवंत मासे) नाहीतर अळी लावायची आणि वाट बघायची. वॉलाय, पर्च, क्रॅपी, नॉर्दर्न पाइक मिळतात. हौशी लोक चाकावरची घरं ओढून नेतात, त्यात हीटर, बंक बेड, टीव्ही, सगळा संसार.

आता मुद्दा. आजोबा गॅरेजच्या दाराच्या आतल्या अंगाला दर वर्षी पेन्सिलीने दोन तारखा लिहायचे, चार इंच बर्फ झाला ती आणि घर ओढून किनाऱ्यावर आणलं ती. ते गेल्यावर मुलाने दार बदललं, पण त्याआधी मी फोटो काढून ठेवला होता. काल तो बघत बसलो. जुन्या तारखा थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आगेमागे, एका रांगेत बसवल्यासारख्या. नंतरनंतर मात्र कधी थँक्सगिव्हिंग, कधी ख्रिसमस उलटून गेल्यावर, काही नेमच नाही. उशीर होतोय हे तर दिसतंच, पण मला जास्त खटकलं ते हे, की तारखा उड्या मारायला लागल्यात. तुमच्याकडे काय परिस्थिती?

सदाशिवपेठी | ३ डिसेंबर, रात्री १०:०५

एक शंका. मासे गोठत नाहीत का?

गळवाला | ३ डिसेंबर, रात्री १०:११

नाही हो, खाली पाणीच असतं. मासे मस्त जिवंत असतात, जरा सुस्तावलेले, दुपारच्या एक ते चारमधल्या पुण्यासारखे.

सदाशिवपेठी | ३ डिसेंबर, रात्री १०:१३

धाग्याचं काय व्हायचं ते होवो, हा हल्ला लक्षात ठेवण्यात येईल.

मॅडिसनकर | ३ डिसेंबर, रात्री ११:३०

आमच्या मॅडिसनला लेक मेंडोटा आहे, त्याच्या गोठण्या-वितळण्याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून आहेत. एवढ्या सलग नोंदी जगात फार थोड्या तळ्यांच्या. युनिव्हर्सिटी अगदी काठावरच असल्यामुळे अख्खं गाव त्या तारखेवर पैजा लावतं. ढोबळ सांगायचं तर तेव्हा तळं साधारण चार महिने गोठलेलं असायचं, आता तीन महिने राहिलं तरी बरं, म्हणजे महिनाभर कमी. आणि २०२३-२४ ला तर दीड महिना पण धड टिकलं नाही, जानेवारीच्या मध्यावर गोठलं आणि फेब्रुवारी संपायच्या आत मोकळं. मी त्या वर्षी नवीन टिप-अप (भोकावर ठेवायचे गळ, मासा लागला की झेंडा वर होतो) घेतले होते, पाकिटातून काढलेच नाहीत.

चिकित्सक_बापू | ४ डिसेंबर, सकाळी ७:२०

धागा वाचला. नेहमीप्रमाणे गाडी क्लायमेट चेंजवर जाणार हे दिसतंयच, म्हणून आधीच दोन गोष्टी टाकून ठेवतो. मीही मिनेसोटात २६ वर्षं आहे. लेक मिनेटोंकावरचा बर्फ सगळ्यात लवकर गेला ती तारीख आहे ११ मार्च १८७८. अठराशे अठ्ठ्याहत्तर! तेव्हा कुठल्या गाड्या आणि कुठले एसी? आणि २०१८ साली तोच बर्फ जायला ५ मे उजाडला, म्हणजे सगळ्यात उशिराच्या विक्रमाला टेकला. मग ह्याला काय म्हणायचं? निसर्ग आहे, चालायचंच. दोन गरम हिवाळे आले की लोक रडतात, तिसऱ्या वर्षी उणे तीसमध्ये गाडी चालू होईना की परत रडतात.

डुलुथची_वहिनी | ४ डिसेंबर, सकाळी ७:५८

बापू, उणे तीसला रडायचा हक्क मात्र आमच्याकडून काढून घेऊ नका. बाकी चालू द्या.

आलेख_आणि_मी | ४ डिसेंबर, दुपारी १२:४५

बापू, तुमच्या दोन्ही तारखा बरोबर आहेत, पण त्यातून काढलेला निष्कर्ष नाही. १८७७-७८ ला प्रचंड मोठा एल निनो होता, आपल्याकडे त्याच काळात दख्खनचा भीषण दुष्काळ पडला, शाळेत वाचलेला. २०२३-२४ लाही एल निनो जोरात होता आणि मिनेसोटाचा तो नोंदीतला सगळ्यात उबदार हिवाळा ठरला. म्हणजे अपवादाची वर्षं तेव्हाही होती, आताही आहेत. प्रश्न अपवादांचा नाहीच, मधल्या साध्यासुध्या वर्षांचा आहे. राज्याचे हवामानवाले सांगतात की गेल्या ५० वर्षांत मिनेसोटातल्या तळ्यांवरचा बर्फ सरासरी १० ते १४ दिवसांनी कमी झालाय. हे एका तळ्याचं किंवा एका वर्षाचं नाही.

आणि इथे उन्हाळ्यापेक्षा हिवाळा जास्त वेगाने तापतोय, त्यातही दिवसापेक्षा रात्री. बर्फ धरतो तो रात्रीच. त्यामुळे दिवसाच्या बातम्या बघून काही कळत नाही.

चिकित्सक_बापू | ४ डिसेंबर, दुपारी १:१०

५० वर्षांत १०-१४ दिवस. म्हणजे एका माणसाच्या आख्ख्या नोकरीत दोन आठवड्यांची रजा गेली. ह्याच्यावर एवढा मोठा धागा?

गळवाला | ४ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

बापू, सरासरी काढली की असंच दिसतं. माझा अनुभव सांगतो. कागदावर सीझन अजून तेवढाच आहे. वॉलायचा सीझन फेब्रुवारीच्या शेवटी बंद होतो, आमच्या भागात बर्फावरची घरं मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत काढायची असा कायदा आहे. २०२४ ला काय झालं? कायद्याच्या तारखेच्या कितीतरी आधीच लोक घरं ओढून मोकळे झाले, काहींनी तर ती नेलीच नव्हती. ब्रेनर्डजवळ गल लेकवर दर जानेवारीत हजारो लोकांची एक स्पर्धा होते, अक्षरशः जत्रा, तीसुद्धा त्या वर्षी नेहमीसारखी भरली नाही. दोन आठवडे गेले ते सीझनच्या दोन टोकांचे गेले असं तुम्ही धरताय. पण मधले दिवस पण आता भरवशाचे राहिले नाहीत हो. जानेवारीत पाऊस पडतो! बर्फावर पाऊस, वर चिखल, मग परत गोठणार, मग त्याच्यावर स्नो.

उष्णता_सर | ४ डिसेंबर, रात्री ८:५०

रिटायर्ड मास्तर आहे, मुलाकडे आलोय सहा महिन्यांसाठी, वेळच वेळ आहे म्हणून लिहितो. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. म्हणून शरद ऋतूत वरचं पाणी गार झालं की खाली बुडतं, खालचं वर येतं, असं करत करत अख्खं तळं ४ अंशावर येतं आणि त्यानंतर वरचा थर आणखी गार झाला तरी बुडत नाही, वरच राहतो, आणि एखाद्या शांत रात्री दुधावर साय धरावी तसा बर्फ धरतो. म्हणजे तुमचा डिसेंबर कितीही कडक असो, ऑक्टोबर-नोव्हेंबर गरम गेला असेल तर तळ्याला आधी ती सगळी उष्णता बाहेर टाकायची असते. खोल तळ्यांना जास्त वेळ, उथळ तळी पटकन धरतात. वारा असला तर धरलेली साय पण मोडते.

दुसरं म्हणजे स्नो ही गोधडी आहे. चार इंच बर्फ झाला आणि त्यावर फूटभर स्नो पडला तर बर्फाची वाढ मंदावते, मग वर कितीही थंडी असो. उलट स्नो नसेल आणि थंडी असेल तर बर्फ भराभर वाढतो. त्यामुळे 'यंदा खूप स्नो पडला म्हणजे बर्फ जाड असेल' हा समज काढून टाका.

डुलुथची_वहिनी | ४ डिसेंबर, रात्री ९:०२

सर, माझ्या नवऱ्याला हे मी सात वर्षं सांगतेय, आता तुमचं नाव सांगून सांगते.

मालवणी_खाजा | ५ डिसेंबर, सकाळी ९:१५

गळवालानु, तुमका बर्फात मासे गावतत ह्या वाचून हसाक इला. आमी लहानपणी खाडयेर गरवूक जायचो तेव्हा पाय पाण्यात, डोक्यार ऊन. पण तुमच्या त्या तारखांचं वाचलं आणि पटलं. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की खरा हंगाम सुरू, असं पिढ्यान्‌पिढ्या गणित. कागदावर अजून दहा महिने आहेतच की. पण २०१९ ला ऑक्टोबरअखेर क्यार चक्रीवादळ आलं, त्यात बांधलेली होडकी परत सुटतात न सुटतात तोच महा. पुढच्या वर्षी जूनच्या तोंडाला निसर्ग, त्याच्या पुढच्या मे महिन्यात तौक्ते. ऐन हंगामात होड्या किनाऱ्याला बांधलेल्या. कोणी विचारलं हंगाम किती महिन्यांचा तर सांगणार दहाच महिने, आणि दर्यात जाऊन आलेले दिवस मोजले तर तोंडचं पाणी पळतं. तेव्हा दोन आठवड्यांना हसू नये बापूंनी.

चिकित्सक_बापू | ५ डिसेंबर, सकाळी ९:४०

हसलो नाही. विचारलं. पण हे दिवस मोजायचं पटतंय थोडं.

तिरफळ | ५ डिसेंबर, सकाळी १०:३०

अवांतर: पर्चला तिरफळ घालून तिखलं करून बघितलंय का कोणी? इकडचे लोक त्याला मैद्यात बुडवून तळतात आणि वर लिंबू. माशाचा अपमान वाटतो मला.

गळवाला | ५ डिसेंबर, सकाळी १०:५२

पर्चचे तुकडे फार नाजूक, तिखल्यात विरघळतात. त्याला रवा लावून तवाफ्राय. तिखल्याला वॉलाय घ्या, किंवा ईलपाउट. तो दिसायला भयंकर, हाताला शेपूट गुंडाळतो, इकडचे बरेच जण तोंड वाकडं करतात त्यामुळे बादलीभर फुकट मिळतो. कोकम घालून अप्रतिम.

सिमको_लेक | ५ डिसेंबर, रात्री ८:१०

टोरांटोहून. आमच्याकडे लेक सिमको, शहरापासून तासाभरावर, वीकेंडला निम्मं टोरांटो तिथे. त्यात हल्ली आपली देशी मंडळी पण भरपूर, थर्मासमध्ये चहा, डब्यात पराठे. इथेही तेच रडगाणं, झोपड्या भाड्याने देणाऱ्यांचं बुकिंग डिसेंबरमध्ये फुल आणि मग फोनवर फोन, या वीकेंडला नाही, पुढच्या वीकेंडला बघू. मला वाटतं बर्फ कमी होण्यापेक्षा ह्या 'बघू'ने त्यांचा धंदा जास्त मारलाय, कारण माणूस दोनदा वाट बघतो, तिसऱ्यांदा कॅनकूनचं तिकीट काढतो.

ऑटावाचा रिडो कालवा माहीत असेल, ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट. १९७० च्या सुमारास सुरू झाल्यापासून २०२२-२३ ला पहिल्यांदा ती एक दिवसही उघडली नाही. आमच्या मुलीला त्या वर्षी दाखवायचं ठरवलं होतं, हॉटेल बुक, नवे स्केट्स, सगळं. शेवटी संग्रहालयं बघून परत.

आलेख_आणि_मी | ६ डिसेंबर, दुपारी १:००

सिमकोवाले, तुमच्याच टोरांटोत यॉर्क युनिव्हर्सिटीत सपना शर्मा आहेत, तळ्यांच्या बर्फावर त्यांचं मोठं काम आहे. त्यांच्या गटाचा २०१९ चा पेपर होता: उत्तर गोलार्धातली १४,८०० तळी आत्ताच अशी झालीत की दर हिवाळ्यात गोठतीलच ह्याची खात्री नाही, आणि तापमान २ अंशाने वाढलं तर तो आकडा ३५,३०० वर जाईल. गळवालांनी पहिल्याच पोस्टमध्ये 'तारखा उड्या मारतात' म्हटलं ना, त्याचीच ही पुढची पायरी. आधी उशीर, मग अनियमितपणा, मग एखादं वर्ष गायबच.

आणि एक जपानची गोष्ट, मला फार आवडते. सुवा नावाचं तळं आहे, तिथल्या देवळाचे पुजारी १४४३ पासून बर्फाची नोंद ठेवतायत. तळं पूर्ण गोठलं की थंडी-उबेने बर्फाला तडा जाऊन मध्ये एक लांबच लांब कड उठते, तिला म्हणतात देवाची वाट, ह्या काठचा देव पलीकडच्या देवीला भेटायला रात्री चालत गेला म्हणून. २०१८ नंतर कित्येक वर्षं ती कड उठलीच नाही. पुजारी तरी दर जानेवारीत पहाटे जाऊन बघतात आणि 'यंदा नाही' असं लिहून ठेवतात.

मालवणी_खाजा | ६ डिसेंबर, दुपारी १:४०

म्हणजे देवाची भेट चुकली की हो. आमच्याकडे पालखी चुकली असती तर गावाने गाऱ्हाणं घातलं असतं.

डुलुथची_वहिनी | ६ डिसेंबर, रात्री १०:२०

एवढा वेळ मस्करी केली, आता खरं लिहिते. २९ डिसेंबर २०२३ ला अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभराच्या वर लोक त्यावर अडकले. माझा नवरा त्यात नव्हता. पण त्याच आठवड्यात जाणार होता, गाडीत सामान भरलेलं होतं, आणि धाकट्याला ताप आला म्हणून राहिला. सगळे सुखरूप निघाले. मी मात्र ती बातमी बघताना धाकट्याच्या कपाळावरची पट्टी बदलत होते आणि हात थरथरत होते.

मला ह्या पुरुषांचं एक कळत नाही. तारीख झाली म्हणजे जायचंच. नाताळची सुट्टी घेतलीय, घराचं भाडं भरलंय, मित्र येणार आहेत, म्हणजे बर्फ असलाच पाहिजे. पूर्वी ते चालून गेलं कारण तारखेला बर्फ असायचाच. आता कॅलेंडर तेच आणि तळं वेगळं. सीझन लहान झाला म्हणून माझं काही बिघडत नाही, उलट एवढे वीकेंड नवरा घरी. माझी झोप उडते ती त्या 'असेल हो बर्फ, काय होतंय'ने.

गळवाला | ६ डिसेंबर, रात्री १०:४५

वहिनी, गप्प बसलो वाचून. खरंय. मीही दोनदा असा गेलोय, एकदा तर पाच इंचांवरून वीस पावलांवर अडीच इंच निघाला, खाली झरा होता.

आलेख_आणि_मी | ६ डिसेंबर, रात्री ११:१५

सपना शर्मांच्याच गटाचा २०२० चा अभ्यास आहे, १० देशांमधल्या हिवाळ्यात बुडण्याच्या ४००० च्या वर घटना तपासल्या. हिवाळा कडक असतो तेव्हा नाही, तापमान शून्याच्या जवळ येतं तेव्हा बुडण्याचं प्रमाण झपाट्याने वाढतं. वहिनी म्हणतायत तेच.

उष्णता_सर | ७ डिसेंबर, सकाळी ६:१०

जाडी सगळीकडे सारखी धरू नका. नवा, स्वच्छ, काळसर दिसणारा बर्फ सगळ्यात मजबूत. पांढरा बर्फ म्हणजे स्नो भिजून गोठलेला, आत हवा, ढोकळ्यासारखा. त्याची जाडी दुप्पट हवी. उबदार हिवाळ्यात हा ढोकळाच जास्त तयार होतो, म्हणजे इंच तेवढेच पण ताकद कमी. आणि मार्चमधला बर्फ उभ्या कांड्यांनी सुटा होतो, दिसायला फूटभर, पाय टाकला की खडीसाखरेसारखा विस्कटतो.

गळवाला | ७ डिसेंबर, सकाळी ८:३०

सरांचं वाक्य प्रिंट काढून ट्रकमध्ये लावतो. इथल्या डीएनआरचे, म्हणजे निसर्गसंपत्ती खात्याचे, आकडे देऊन ठेवतो, नवीन कोणी वाचत असेल तर: चालत जायला ४ इंच, स्नोमोबिलला ५ ते ७, छोट्या गाडीला ९ ते १०, मध्यम ट्रकला १३, हे सगळं काळ्या बर्फाला. आणि तेच लोक पहिल्या ओळीत लिहितात की कुठलाच बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो. लोखंडी स्पड बार घेऊन दर चार पावलांवर ठोकत जायचं, गळ्यात बर्फात रोवायचे दोन खिळे, अंगात फ्लोट सूट, म्हणजे पाण्यात तरंगवणारा. आणि घरात हीटर लावणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, हवा यायला खिडकी किलकिली.

मॅडिसनकर | ७ डिसेंबर, दुपारी ४:००

एक उलटा मुद्दा, कारण सगळे सुतकात बसल्यासारखे झालेत. उथळ तळ्यांत लांबलेला हिवाळा माशांना पण मारतो. बर्फावर स्नो साठला की उजेड खाली जात नाही, वनस्पती ऑक्सिजन सोडत नाहीत, मार्चमध्ये बर्फ निघाला की मेलेल्या माशांचा खच. बर्फ कमी दिवस राहिला तर हे कमी होतं. म्हणजे काही तळ्यांत पॅनफिश (पर्च, क्रॅपीसारखे तव्यात मावणारे छोटे मासे) जास्त वाचतील. फक्त ते पकडायला तुम्हाला बोट घ्यावी लागेल.

आलेख_आणि_मी | ७ डिसेंबर, दुपारी ४:२५

खरंय, पण टलिबीसारख्या गार पाण्याच्या माशाचं उलटं आहे. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि तळाला ऑक्सिजन नाही, मध्ये अडकतो बिचारा. आणि मोठे वॉलाय, पाइक त्याच्यावर पोसतात.

चिकित्सक_बापू | ७ डिसेंबर, रात्री ९:३०

मी माझी जुनी डायरी काढली. गळवालांच्या दारासारखी शिस्त नाही, पण बर्फावर गेलो ते दिवस लिहिलेले आहेत, कारण बायकोशी वाद व्हायचा किती वेळा जातोस म्हणून. पहिली काही वर्षं हिवाळ्यात २५-३० दिवस. मधे २०१४ ला ३३. मागच्या पाच-सहा वर्षांत २० च्या वर एकदाच. २०२३-२४ ला ४. वय पण वाढलंय हे धरा, गुडघे धरा. तरी ४ म्हणजे जरा जास्तच कमी आहे. १८७८ चा मुद्दा मी सोडलेला नाही.

सदाशिवपेठी | ७ डिसेंबर, रात्री ९:४१

बापूंनी डायरी काढली हाच ह्या वर्षीचा विक्रम. नोंद घ्यावी.

डुलुथची_वहिनी | ७ डिसेंबर, रात्री ९:५०

बापू, त्या वादात काकूंची बाजू बरोबर होती असं डायरीवरून दिसतंय. ३३ दिवस??

गळवाला | १३ डिसेंबर, सकाळी १०:१५

अपडेट. आज पहाटे साडेपाचला गेलो, उणे अकरा, वारा नाही, तळं कण्हत होतं, ऐकलं असेल ज्यांनी त्यांना कळेल, लांबून कोणी जाड तार छेडल्यासारखं. किनाऱ्याजवळ साडेचार इंच, काळा, सुंदर. पन्नास पावलं पुढे स्पड बार मारला, साडेतीन. अजून दहा पावलं, परत साडेतीन, आणि एका ठोक्यात खालून पाणी वर आलं. आजोबा असते तर काय केलं असतं माहीत नाही, त्यांनी बहुतेक तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून तिथेच बादली उपडी केली असती. मी परत फिरलो. गॅरेजमध्ये तारखेची जागा कोरी ठेवलीय.

आता दोन डझन मिनो बादलीत पोहतायत आणि बायको म्हणते बाथटबला हात लावायचा नाही. पुढच्या शनिवारपर्यंत जिवंत ठेवायची कोणाकडे काही युक्ती?

उष्णता_सर | १३ डिसेंबर, सकाळी १०:२२

गॅरेजमध्ये थंडीत ठेवा, पण गोठू देऊ नका. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त राहतो. रोज थोडं पाणी बदला, नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग घाला.

तिरफळ | १३ डिसेंबर, सकाळी १०:३०

नाहीतर रवा लावून तवाफ्राय.